सकाळचं पाणी, संध्याकाळचं पाणी

"पुन्हा पिवळं!" बेत्काचा धाकटा भाऊ ओन्द्रा काचेची नळी नाचवत म्हणाला.

बेत्काने नळी त्याच्या हातातून काढून खिडकीशी धरली. नळीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले की त्याला रंग येतो. पिवळा म्हणजे पाणी आंबट, हिरवा म्हणजे मधलं, निळा म्हणजे आंबटाच्या उलट. त्या रंगावरून पीएचचा आकडा कळतो. तो जितका कमी, तितकं पाणी आंबट. बेत्का तो रोज सकाळी सातला वहीत लिहीत होती. सोमवारी ६.७, मंगळवारी ६.४, बुधवारी ६.२ आणि आज गुरुवारी ६.० झाला होता. आजोबांचे एंजल मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते.

आजोबा गुडघ्यांच्या उपचारासाठी तीन आठवडे लाझ्नेला, म्हणजे गरम झऱ्यांच्या गावी गेले होते. जाताना त्यांनी घराची चावी आईकडे न देता बारा वर्षांच्या बेत्काकडे दिली होती. मासे नीट सांभाळले, तर त्यातली सगळ्यात देखणी जोडी गावच्या मत्स्यप्रदर्शनात बेत्काच्या नावाने मांडायची, असं ठरलं होतं. तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आठ वाजता आजोबांचा फोन आला. शेजारचे शिमेक काका रोज संध्याकाळी सहाला आपल्याजवळच्या चावीने आजोबांच्या गच्चीतल्या टोमॅटोंना पाणी घालायला येत. ते नगरपालिकेच्या तरणतलावाचे व्यवस्थापक. पाणी म्हटलं की त्यांना सगळंच कळतं, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. त्यांनी आजोबांना कळवलं होतं की आपल्या मीटरवर टाकीचा पीएच रोज संध्याकाळी आठच्या आसपास येतो आणि पोरीच्या वहीत मात्र सहा लिहिलेलं असतं.

"बेत्का, तीस वर्षांत माझ्या टाकीत आठ कधी आलेलं नाही," आजोबा म्हणाले. "आता पाणी बिघडलंय आणि तू मात्र घरी बसून आकडे लिहितेस. खरं ना?"

"नाही आजोबा, मी रोज मोजते."

"ते राहू दे," आजोबा म्हणाले. "आज संध्याकाळी तुझी चावी शिमेककडे देऊन टाक. मासे आता तो बघेल."

बेत्काच्या डोळ्यांत पाणी आलं. मासे गेले असते तरी तिला इतकं लागलं नसतं. आजोबांनी तिला खोटारडी ठरवलं होतं.

"रडायचं असेल तर टाकीपासून लांब रड. आणखी आकडा बदलायचा," झोफी म्हणाली. ती बेत्काची वर्गमैत्रीण. तिची जीभ तिखट होती, पण मैत्रीला ती पक्की होती.

एवढ्यात टाकीमागे वाकलेल्या ओन्द्राने एक निळं टोपण बाहेर काढलं. त्यात पांढरे दाणे चिकटलेले होते. तरणतलावाच्या पाण्यात औषध मोजून टाकायला असंच टोपण असतं, हे त्याने शंभरदा पाहिलं होतं. झोफीने एक दाणा पेलाभर पाण्यात विरघळवला आणि थेंब टाकले. पाणी पिवळंधमक झालं.

"सापडला चोर! चला, काकांना तोंडावर पाडू," ओन्द्रा म्हणाला.

"थांब," बेत्का म्हणाली. "ते म्हणतील, आठ होतं म्हणून टाकलं. हे आठ येतं कुठून, ते आधी आपल्याला सांगता आलं पाहिजे."

मग तिने धीर करून शिमेक काकांना फोन केला. तलाव उघडायच्या आधीच चावी घेऊन जा, फक्त मीटर बरोबर आणा, असं सांगितलं. काका शीळ घालत आले आणि मीटर पाण्यात बुडवून बघत राहिले. ६.०, म्हणजे वहीतलाच आकडा आला होता. त्यांनी मीटर झटकलं, पुसलं, पुन्हा बुडवलं. शेवटी सेल उतरले असणार म्हणाले आणि चावीचं विसरून निघून गेले.

तेवढ्यात टाकीवरचा आजोबांचा नवा झगझगीत दिवा आपोआप लागला. हा त्यांनी यंदाच बसवला होता. शाळेला सुट्टी होती, म्हणून मुलांनी दर दोन तासांनी मोजायचं ठरवलं. दहाला ६.३ आलं, बाराला ६.८. दुपारी पानापानावर बारीक बुडबुडे जमले आणि ओळीने वर जाऊ लागले. बेत्का नाक काचेला लावून बघत राहिली. दोनला ७.२, चारला ७.६.

"झाडं!" ती म्हणाली. "पाण्यातला कार्बन डायऑक्साइड पाणी आंबट करतो. उजेडात झाडं तोच खातात. अंधारात खाणं बंद, आणि झाडं, मासे सगळे श्वासातून तो पाण्यात सोडत राहतात. म्हणून सकाळी आकडा खाली आणि संध्याकाळी वर!"

"म्हणजे काकाही खरं बोलत होते? वाईट झालं," झोफी म्हणाली.

सहाला शिमेक काका नवे सेल घालून आले. बेत्काने त्यांच्या हातात एक बंद पाकीट दिलं आणि मोजून झाल्यावरच उघडा म्हणून बजावलं. मीटर ७.९ वर थांबलं. काकांनी पाकीट फोडलं. आत बेत्काच्या अक्षरात, दिवसभराच्या चढत्या आकड्यांवरून बांधलेला अंदाज लिहिला होता : ७.९.

काकांनी एकदा चिठ्ठीकडे आणि एकदा मीटरकडे पाहिलं. ओन्द्राने निळं टोपण त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"माझ्या तलावात सकाळी सात पूर्णांक दोन आणि संध्याकाळीही सात पूर्णांक दोन," काका पुटपुटले. "इथे आठ दिसलं म्हणून मी रोज टोपणभर..."

"तुमच्या तलावात झाडं कुठे आहेत, काका?" बेत्का म्हणाली. "तुम्ही संध्याकाळी आंबट टाकता, वर रात्री पाणी आपणहून आंबट होतं. म्हणून मासे सकाळी तडफडतात."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पण माणूस सरळ होता. त्यांनी आपल्या हाताने बादल्या वाहून थोडं थोडं पाणी बदललं, दिव्याची वेळ कमी केली, आणि आजोबांना स्वतः फोन लावून चूक आपलीच असल्याचं सांगितलं. चावी बेत्काच्याच खिशात राहिली.

शनिवारी सकाळी ६.५ आलं. मासे खालच्या पानांमध्ये निवांत फिरत होते.

रविवारी तीन आठवडे संपले आणि आजोबा काठी टेकत आले. त्यांनी बूटही काढले नाहीत, तसेच जाऊन बेत्काची वही उघडली. गुरुवारचं पान त्यांनी दोनदा वाचलं.

"तीस वर्षं मी सकाळी कॉफी ठेवायच्या आधी मोजत आलो," ते म्हणाले. "संध्याकाळी एकदाही मोजलं नाही. माझं पाणी दिवसभर काय करतं, ते मला आज तुझ्याकडून कळलं. आणि मी तुझ्यावरच संशय घेतला. चुकलो, पोरी."

मग ते कपाटाशी गेले. तिथे त्यांच्या तीस वर्षांच्या तीस वह्या ओळीने उभ्या होत्या. त्या वह्यांना घरात कुणी हात लावत नसे. आजोबांनी शेवटची वही जरा सरकवली आणि शेजारी बेत्काची वही उभी केली.

बेत्काची मान ताठ झाली. प्रदर्शनाच्या पाटीवर कोणाचं नाव येणार, हे विचारायचंसुद्धा तिला सुचलं नाही.