कोरी नळी

कारखान्यातून जस्ताच्या ऑक्साइडची भुकटी यायची, इतकी बारीक की तिच्यापुढे मैदाही भरड वाटावा. मलमात घालण्याआधी ती माणसाच्या रक्ताला बाधते का, हे ताईनं बघायचं. रक्तात भुकटी कालवायची, तासभर ऊब द्यायची, मग नळ्या यंत्रात गरगर फिरवायच्या. पेशी शाबूत असल्या तर वरचं पाणी पिवळट. फुटल्या तर लाल. अकरा वर्षं हेच चाललं होतं, त्यामुळे हात आपोआप चालायचे. एका हातात पिपेट असलं की भुकटीच्या डबीचं झाकण ती सरळ दातानं उघडायची, आणि ओठांवर पांढरी भुकटी बसायची.

"अहो, तोंड आहे की पक्कड?" साहेब शंभरदा ओरडले असतील. पण सवयीला औषध नाही.

एका नळीत भुकटी घालायची नसे. ती कोरी नळी, तुलनेसाठी. सगळ्या नळ्यांतलं रक्त प्रयोगशाळेतलंच कुणीतरी आळीपाळीनं द्यायचं. बाळंतपणानंतर ताई कामावर येऊन तीन महिने झाले होते, आणि आज तिचा नंबर लागला.

कोरी नळी लाल निघाली. वर सायीसारखा बुळबुळीत तवंग, आणि वास ओल्या नाण्यांचा, नासक्या दुधाचा. ताईनं नाक दाबून नळी दूर धरली.

"हात धुतले होतेस ना?" शेजारच्या टेबलावरच्या चष्मिशनं विचारलं.

"दोनदा धुतले रे बाबा!"

नवी सुई, नवी नळी. चष्मिशनंही आपलं रक्त दिलं. त्याचं पिवळट. तिचं पुन्हा लाल, पुन्हा तोच तवंग.

तिनं आपल्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एकेका पेशीत पांढरा कण, भातातल्या अळीसारखा. शी! आणि ते सगळे कण आपापल्या पेशीच्या एकाच कडेला दाटलेले, तिच्या बाजूच्या.

"जरा पलीकडे उभी राहा," चष्मिश म्हणाला आणि स्वतः डोळा लावून बसला.

ती टेबलाच्या पलीकडे गेली.

भिंगाखाली सगळे कण तिच्या मागोमाग पलीकडच्या कडेला सरकले. मग चष्मिश हळूच म्हणाला, "ताई, घरी बाळ अजून तुझ्याच दुधावर आहे ना?"

तिनं सासूबाईंना फोन लावला.

"आई, फ्रीजमधलं माझं दूध त्याला देऊ नका!"

"अगं, केव्हाच पाजलं. बाटलीसुद्धा चाटून पुसून टाकली माझ्या राजानं."

ती धावतपळत घरी पोचली. बाळ सासूबाईंच्या मांडीवर खेळत होतं, चांगलं टुणटुणीत. आईला बघून खुदकन हसलं. जिभेवर पांढरा, जाडसर थर होता.

"दुधाचाच आहे तो. पुसून टाक की," सासूबाई म्हणाल्या.

ताईनं बोट पुढे केलं. अजून ते ओठांपर्यंत पोचलंही नव्हतं.

थर मुकाट्यानं पुढे सरकला आणि जिभेच्या टोकाशी येऊन थांबला.