पायगुण आणि सुएझ कालवा

कळव्याच्या पुलावरून मालन भर दुपारी तरातरा ठाण्याकडे निघाली होती. समोरून येणाऱ्या माणसाला वाट विचारायला नेमकी तीच सापडली.

"अहो... कळव्यात धोंडीबा जगदाळ्यांचं घर कुठं आलं?"

आपल्याच बापाचं नाव ऐकून मालननं मान वर केली. दाढी वाढलेली, कोट चुरगळलेला, पण डावी भुवई फोटोतल्यासारखीच वर गेलेली. हाच तो महिपत! मशीनचं काम शिकायला विलायतेला गेलेला आणि स्वतःच्या लग्नाला न पोचलेला तिचा नवरामुलगा.

"काय काम आहे?"

"माफी मागायचीय."

"आठ दिवसांनी?"

तो गडबडला. तिच्याकडे नीट बघत राहिला. "तुम्ही... मालन?"

"हो, मालनच! हळद लावून मांडवात बसलेली. पानं वाढलेली आणि नवरदेवाचा पत्ता नाही. तुमची तार आली, तीही मुहूर्त टळल्यावर तिसऱ्या दिवशी!"

"सुएझ कालवा बंद झाला हो. मग बोट पकडायला आगगाडीनं बसऱ्याच्या बंदराला निघालो, तर मधल्या एका देशाचा ट्रान्झिट व्हिसा नव्हता. मला तिथं राहायचं नव्हतं, उतरायचंही नव्हतं — नुसतं खिडकीतून बघत पुढं जायचं होतं! तरी सीमेवर खाली उतरवलं. अकरा दिवस एका बाकावर. रोज नवा साहेब, रोज तेच, उद्या या. असा संताप यायचा..."

"संतापाचं मला सांगू नका!" मालन उसळली. "तुमच्या आत्याबाई अख्ख्या टेंभी नाक्यावर सांगत सुटल्यात, मुलीचा पायगुण वाईट, लग्न मोडायचं. उद्या मला सोडा, माझ्या धाकट्या बहिणीला, हेमालासुद्धा कुणी विचारणार नाही. सुएझ कालवा काय माझ्या पायगुणानं बंद पडला?"

महिपतला हसू फुटलं, पण तिचे भरलेले डोळे बघून त्यानं ते गिळलं.

"आता कुठं निघालात?"

"तुमच्याच घरी. तोंडावर विचारायला."

"चला मग. मीही अजून घरी गेलेलो नाही. बोटीवरून उतरलो तो थेट इकडंच..."

मालन त्याच्याबरोबर चालू लागली. राग तसाच होता, पण पावलं हळू पडू लागली होती आणि त्याचा तिला आणखीच राग आला.

"बाकावर बसून काय करत होतात?"

"तुमचा फोटो बघत होतो."

"अकरा दिवस?"

"त्या साहेबांपेक्षा बरा होता." तो चोरून तिच्याकडे बघत म्हणाला, "फोटोत तुम्ही शांत दिसता."

"फोटोवाल्यानं दम दिला होता!"

टेंभी नाक्यावर महिपतला येताना पाहून आत्या आवडाबाई भाकरीचा तुकडा ओवाळायला लगबगीनं दारात आल्या. आईमागं महिपतला त्यांनीच वाढवलेलं. मालनला पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

"तू ये रे आत. तिला तिथंच उभी राहू दे."

महिपत पायरीवर चढलाच नाही. तो रागानं म्हणाला, "आधी मालन आत येईल, आत्या. तिच्या मागून मी. नाहीतर मी हा चाललो."

शेजारीपाजारी दारांत आले. आवडाबाईंच्या हातातला तुकडा तसाच राहिला. त्यांच्याकडे एक नजर टाकून त्या पुटपुटल्या, "ये बाई."

मालननं पदर सावरला. इतके दिवस मनात घोकलेली एकही शिवी आता आठवेना.

"आज नाही, आत्याबाई. मी माप ओलांडूनच येईन. मुहूर्त काढा आणि कळव्याला या." मग ती महिपतकडे वळली. गाल तापले होते, पण नजर तिनं खाली घातली नाही. "आणि तुम्ही... तुम्ही आदल्या दिवशीच या!"