एकतिसाव्या पानासमोरचा डाग

बुद्धिबळाची जुनी हस्तलिखित वही ग्रंथपाल बाईंनी सकाळी उघडली. एकतिसावं पान मुळाशी कापलेलं होतं.

वही परवाच देणगीत आली होती. खेळाचे नियम बदलत होते त्या काळातली. आधी वजीर तिरका एकच घर चालायचा, पुढे त्याला हवं तितकं फिरायची मुभा मिळाली. वहीत दोन्ही तऱ्हांचे डाव होते.

कपाटाची किल्ली शिपायाकडे असते. बाईंनी मागचापुढचा विचार न करता सगळ्यांदेखत त्याला पिशवी रिकामी करायला लावली. डबा, छत्री, गुडघ्याचं मलम. विसरलेला चष्मा द्यायला आलेली त्याची मुलगी दारातच उभी होती. संध्याकाळपर्यंत पान मिळालं नाही तर उद्यापासून येऊ नका, असंही बाई बोलून गेल्या.

मग त्यांनी वही नीट पाहिली. कापलेल्या पानाच्या समोरच्या पानावर वरच्या बाजूला लाल शाईचा पुसट डाग होता.

काल वही नोंदीसाठी टेबलावर होती, तेव्हा बुद्धिबळाचे जुने अभ्यासक सर वाचनालयात येऊन गेले होते. याच वहीवर त्यांनी तीस वर्षांपूर्वी पुस्तक लिहिलं होतं, तेही वहीच्या मालकाने दिलेल्या काळ्यापांढऱ्या फोटोंवरून. एकतिसाव्या पानावरच्या डावात तीन खेळींत मात करायची होती. वजीर एकाच खेळीत मात करतो, म्हणजे लिहिणाराच चुकला, असं त्यांनी छापलं. डाव बरोबर आहे म्हणणाऱ्या त्यांच्याच भाच्याचं हसं झालं आणि त्याने अभ्यासच सोडला. आज दुपारी तो ते पान बघायला येणार होता.

बाईंनी सरांना बोलावून घेतलं.

"काल वही उघडली होतीत?"

"छे. घरी फोटो आहेत की. पेपर चाळला आणि गेलो."

"आता तुमच्या भाच्याला काय दाखवू?"

"त्यात बघण्यासारखं काय आहे? लाल मथळा आणि खाली एक चुकीचा डाव."

बाईंनी वही उघडून समोरच्या पानावरच्या लाल डागावर बोट ठेवलं.

"मथळा लाल होता, हे तुम्हाला कुठे दिसलं, सर? तुमचे फोटो तर काळेपांढरे. मला तो इथे उमटलेल्या शाईवरून कळला."

सरांनी हातातली डायरी घट्ट धरली.

"लाल मथळ्याचे बाकीचे डाव मी पाहिले. त्यांच्याखाली उत्तरं आहेत. प्रत्येकात वजीर एकच घर चालतो. काळे मथळे नव्या नियमाचे. तुमच्या डावाखाली उत्तर नव्हतं आणि फोटोत रंग नव्हता. तुम्ही नवा वजीर चालवलात. काल वही उघडल्यावर तुम्हाला ते कळलं."

सरांनी डायरीतून घडी न घातलेलं पान काढलं.

"पोराचं आयुष्य वाया घालवलं मी. तो आला की मीच देतो त्याच्या हातात."

संध्याकाळी दाराशी शिपायाने न सांगता पिशवी उघडून बाईंपुढे धरली. बाईंना तिकडे बघवेना. चुकलं माझं, असं त्या कसंबसं म्हणाल्या.

"माझं काही नाही, बाई. पण पोरीने बघितलं."

बाईंनी पिशवीची चेन आपल्या हाताने लावली.

"चला. तिला मीच सांगते."

तो पुढे निघाला. शरमेने मान खाली घालून बाई त्याच्या मागोमाग चालू लागल्या.