शिवेवरचा गिरदावर

झरीच्या चावडीत पेशकार व्यंकटरावांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि तेवढ्यात घोडेस्वार येऊन उतरला. एकतीस वर्षांच्या नोकरीत एवढी एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती, वाईट बातमी नेमकी पहिल्या घोटाला येते.

"गिरदावर दिनकरराव मरून पडलेत, साहेब. निळेवाडीच्या शिवंवर. डोकं फुटलंय. जमादारानं एका धनगराला धरलंय."

व्यंकटरावांनी कप खाली ठेवला. दिनकररावांवर त्यांचं फारसं प्रेम नव्हतं, पण मेल्याची बातमी ऐकून आत काही हललं नाही याचंच त्यांना वाईट वाटलं. फसली सन १३४६, खुर्दाद महिना, म्हणजे ऐन उन्हाळा. सूर्य चांगला वर आला होता आणि वारा तापायला लागला होता.

निजामसरकारच्या राज्यात सुभ्यावर सुभेदार, जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, तहसिलीवर तहसीलदार, त्याच्या हाताखाली पेशकार आणि पेशकाराखाली गावोगाव फिरणारा गिरदावर. तरुणपणी फारसी शिकवणारे उस्ताद सांगत, ही सगळी नावं इराण-तुराणातून चालत आलीत. तिकडे मंगोलांच्या राज्यात जिंकलेल्या मुलखावर दारुगा बसवत. दारुगा म्हणजे दाबणारा, शिक्का दाबणारा. तेव्हा व्यंकटरावांना त्याची गंमत वाटली होती. आता लाखेची डबी आणि पितळी शिक्का कमरेला बाळगून बाळगून कंबर तेवढी दुखत होती.

ते घोड्यावर चढले, म्हणजे दोघांनी त्यांना चढवलं.

निळेवाडीचं शिवेलगतचं शेवटचं शेत पडीक होतं. खतासाठी मालकानं त्यात मेंढ्या बसवल्या होत्या, त्यामुळे जमिनीवर ताज्या लेंड्यांचा थर पडला होता. त्या थरावर दिनकरराव उताणे पडले होते.

बन्सीधर जमादार पुढे आला. हा पोलिसांचा माणूस, जाडजूड आणि घाईचा.

"सरळ मामला हाय साहेब. मागच्या महिन्यात गिरदावरसाहेबांनी ह्या सटवाजीचं कोकरू दौऱ्याच्या जेवणाला उचललं व्हतं. त्याचा राग. काठी घातली डोक्यात. सांजच्याला परभणीला नेतो त्याला."

बाभळीला एक उंच, वाळका माणूस दोराने बांधला होता. त्याच्या पायाशी त्याची बायको कासाबाई बसली होती. ती रडत नव्हती. नुसती जमादाराच्या हातातल्या दोराच्या टोकाकडे बघत होती.

व्यंकटराव प्रेतापाशी गुडघ्यावर बसले. गुडघ्यांनी तक्रार केली. कपाळावर उजवीकडे खोल जखम होती आणि जखमेत हळद भरलेली होती. कोटावर, धोतरावर एकही लेंडी नव्हती. पाठीखाली हात घातला तर तिथे मात्र दबून सपाट झालेल्या लेंड्या लागल्या. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती. बोटं उघडायला जड जात होती, तरी त्यांनी ती एकेक करून उघडली. आत चुरगळलेली लेंडी आणि माती होती.

व्यंकटरावांनी मूठ पुन्हा मिटवली. मग सटवाजीकडे गेले.

"मेंढ्या कधी उठवल्यास?"

"दिस उगवायच्या आदी, साहेब. वाघूर गुंडाळली अन् कळप नदीला नेला."

वाघूर म्हणजे मेंढ्यांभोवती लावायचं जाळं, हे व्यंकटरावांना ठाऊक होतं.

"तेव्हा इथं कोणी पडलेलं होतं?"

"वाघरीच्या मधी मानूस पडल्यावर मेंढ्या बसत्यात व्हय, साहेब?"

"मग परत का आलास?"

"वाघरीची एक मेख इसरली व्हती. घ्यायला आलो, तर हे. मीच आरडलो. मीच निळेवाडीला पळत गेलो सांगायला."

"गिरदावरांवर राग होता तुझा?"

सटवाजीनं जरा विचार केला. "व्हता," तो म्हणाला.

"बघा!" जमादार म्हणाला.

"दमानं घ्या, जमादार. खोटं बोलणारा माणूस नाही म्हणाला असता."

कासाबाई पहिल्यांदाच बोलली. "साहेब, परबनीला नेलेलं मानूस माघारी येत न्हाई. माजा दीर गेलाय तसाच. मेंढ्या इकून टाका म्हणा, पर ह्यास्नी नेऊ नगा."

व्यंकटरावांनी दोराकडे पाहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण त्यांनी नोकरीत इतक्या वेळा खरी होताना पाहिली होती की आता ती उच्चारायचाही कंटाळा येई.

"सांजेपर्यंत ह्याला हात लावायचा नाही," ते जमादाराला म्हणाले आणि शेताच्या कडेनं चालू लागले. कासाबाई मागोमाग आली. तिला कोणी थांबवलं नाही.

पन्नास पावलांवर शिवेचा धोंडा होता. ही शीव नुसती दोन गावांची नव्हे, दोन तहसिलींची. अलीकडे निळेवाडी परभणीची, पलीकडे हातखेडा दुसऱ्या तहसिलीचं. मेलेला माणूस सरकारी असला की चौकशीला शीव आडवी येत नसे. हातखेड्याकडून येणारी पायवाट धोंड्याशी वळत होती. तिथे वाटेच्या कडेला तळहाताएवढा दगड ठेवलेला होता. त्याच्याशी मूठभर ज्वारीचे दाणे होते आणि मुंग्यांची रांग ते दाणे ओढून नेत होती.

"हे काय गं?"

"इसावा हाय, साहेब. मढं नेताना मधी टेकवतेत. दाणं ठिवतेत, खांदेकरी बदलतेत. तुमच्यात न्हाई?"

"आहे. पण हातखेड्याचं स्मशान ह्या वाटेला आहे का?"

"न्हाई की. ते तिकडं, वढ्याकाठी." कासाबाई थांबली. दगडाकडे पाहता पाहता तिचा चेहरा बदलला. "साहेब, हिकडनं कोन मढं नेईल?"

"मीही तेच विचारतोय."

हातखेडा गाव व्यंकटरावांना नवं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ते त्या तहसिलीत होते. गावाला विहीर एकच. तिच्यावर बायांची रांग लागली होती, तळाला गेलेलं पाणी पोहऱ्यानं खरवडून काढत होत्या. विहिरीला दगडी काठ होता. काठाचा एक कोपरा नुकताच घासून धुतला होता आणि बाकीच्या काठापेक्षा उजळ दिसत होता.

रांगेतली धुरपताबाई म्हातारी त्यांना पाहून पदर सावरत म्हणाली, "या साहेब. पानी मागू नगा बरं का, न्हाई. सकाळच्या पारी लिंबाजी पटलानं अन् त्याच्या तिघा भावकीनं दोन-दोन घागरी वतून घेतल्या अंगावर. पटक्यासकट! ना आवस ना पुनव. आमी मातूर वाटीवाटीनं भरायलाव."

"पटक्यासकट?"

"मग! त्ये बघा की वाळायलेत."

काट्याच्या कुंपणावर डोईचे चार पटके पसरले होते. उन्हानं वरून सुकले होते. व्यंकटरावांनी एकाच्या घडीत बोट घातलं, आत ओल होती.

लिंबाजी हातखेड्याचा पोलीस पटेल. साठीचा, रुंद खांद्यांचा, डोळ्यांखाली रात्र जागल्याची काळिमा असलेला. त्यानं चावडीत व्यंकटरावांना घोंगडी अंथरली, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

"गिरदावर काल इकडे आले होते, पटेल?"

"न्हाई, साहेब."

"शिवेच्या धोंड्याच्या तपासणीसाठी काल त्यांना हातखेड्याला यायचं होतं. माझ्याच सहीचा कागद आहे."

"आमच्याकडं आले न्हाईत."

"पटके का धुतले?"

"मळले व्हते."

"गावाला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही चौघांनी पटके धुतले?"

लिंबाजी घोंगडीचा धागा उपसू लागला. व्यंकटरावांनी जमादाराला आणि सटवाजीला बोलावणं धाडलं. ती मंडळी येईपर्यंत दोघं तसेच समोरासमोर बसून राहिले. ऊन चढत होतं. दोघांनाही उठून जावंसं वाटत होतं आणि दोघांनाही जायला जागा नव्हती.

सगळे जमल्यावर व्यंकटराव बोलू लागले. आवाज चढवला नाही. चढवायची ताकद नव्हती.

"सटवाजीनं गिरदावरांना मारलं नाही. मारलं असतं तर जखमेत हळद कोणी भरली? काठी घालणारा माणूस हळद घेऊन हिंडत नाही. हळद घरात असते, आणि ती भरणाऱ्याला माणूस जगवायचा असतो. दुसरं, प्रेताखाली लेंड्या दबल्यात आणि अंगावर एकही नाही. म्हणजे मेंढ्या उठून गेल्यावर त्यांना तिथं आणून ठेवलं. कुठून आणलं? शिवेवर विसावा आहे. दाणे ताजे आहेत, मुंग्यांनी अजून संपवले नाहीत. आणि विसावा आहे तो हातखेड्याच्या वाटेवर."

जमादारानं हळूच सटवाजीच्या हाताचा दोर सोडायला सुरुवात केली.

"लपवून न्यायचं होतं, पटेल. पण मढं उचललं की मध्ये टेकवायचं, दाणे ठेवायचे, आणि घरी येऊन डोक्यावरून पाणी घ्यायचं, हे तुमच्या हाडात मुरलेलं. चोरी करतानासुद्धा मेलेल्याचा मान चुकवला नाहीत. परक्यानं केलं असतं तर दगडही ठेवला नसता आणि आंघोळही केली नसती. मला मग काहीच कळलं नसतं."

लिंबाजीनं डोळे मिटले.

"काल दुपारी गिरदावर उन्हात चालत आले. विहिरीवर पाणी प्यायला वाकले आणि भोवळ येऊन काठावर आपटले. तो कोपरा तुम्ही धुतलाय. खरं ना?"

"खरं हाय," लिंबाजी म्हणाला. "भर दुपारी इहिरीवर माज्याबिगर कोन नव्हतं. घरात घेतलं. हळद भरली, कांदा लावला, रातभर वारा घातला. शुद्धीवर आलेच न्हाईत. पहाटं गार पडले. नाकाला सूत धरलं, हाललं न्हाई."

"मग तहसिलीत वर्दी का नाही दिली? तुम्ही मारलं नव्हतं. तुम्हाला कोण काय करणार होतं?"

लिंबाजीनं आता प्रथमच वर पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर व्यंकटरावांना सोपं गेलं असतं.

"दोन सालामागं आमच्या इहिरीत एक वाटसरू मेलेला घावला, साहेब. याद हाय? चवकशीला तुमीच आल्ताव. उन्हाळाच व्हता. इहिरीवर फळ्या ठोकल्या, दोरी बांधली, लाख वतली, अन् तुमच्या हातानं शिक्का मारलाव. अकरा दिस. मी पाया पडलो. तुमी म्हनलाव, वरून हुकूम आल्याबिगर शिक्का निघायचा न्हाई. बाया तीन कोसावरून पानी आणायल्या. माजी थोरली सून पोटुशी व्हती. नवव्या दिशी डोक्यावर घागर घिऊन पडली ती उठलीच न्हाई." तो थांबला. "गिरदावर इहिरीवर पडले म्हनून कागदावर आलं असतं, तर तुमी पुन्यांदा शिक्का मारला असता का न्हाई, सांगा."

व्यंकटरावांना ती विहीर आठवत होती. लाख आठवत होती. सुनेचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

"मारला असता," ते म्हणाले. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"म्हनून शिवंपल्याड नेलं. दुसरी तहसील, तिकडं इहीर न्हाई, पडीक रान. धनगरावर बालंट यील हे देवाशपथ डोक्यात आलं न्हाई. सटवाजी, चुकलं माजं."

सटवाजी मनगटं चोळत उभा होता. कासाबाईनं त्याचा हात धरला.

व्यंकटरावांनी कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून लिहू लागले. इथं थांबता आलं असतं. पण पंचनामा अर्धा लिहिता येत नाही, आणि खरं तर त्या विहिरीला वाचवायचं असेल तर उरलेलं लिहावंच लागणार होतं.

"पटेल, विहिरीला शिक्का लागणार नाही."

लिंबाजी पाया पडायला वाकला.

"मृत्यू जिथं झाला त्या जागेची चौकशी होते. दिनकरराव विहिरीवर मेले नाहीत. तुमच्या घरातही मेले नाहीत." त्यांनी लेखणी खाली ठेवली. "त्यांच्या मुठीत त्या शेतातली लेंडी होती. माती होती. मेलेला माणूस मूठ वळत नाही, लिंबाजी. तुम्ही त्यांना खाली ठेवून माघारी फिरलात, त्यानंतर ते जागे झाले. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. उठायचा प्रयत्न केला असावा. मेले ते तिथं, निळेवाडीच्या हद्दीत."

विहिरीवर पोहरा दगडाला घासल्याचा आवाज येत होता.

"जित्ते व्हते?" लिंबाजीनं विचारलं.

"हो."

"आमी इसावा दिला, तवा?"

"हो."

लिंबाजी खालीच बसला, घोंगडीवर नव्हे, जमिनीवर. चार माणसांनी मिळून उचललेलं ओझं आता एकट्याच्याच खांद्यावर आल्यासारखा.

"वर्दी लपवली आणि माणूस हलवला, एवढं मला लिहावं लागेल," व्यंकटराव म्हणाले. "पटेलकी जाईल. तुरुंगही होईल कदाचित. बाकीच्या तिघांची नावं मला ठाऊक नाहीत आणि मी विचारणार नाही."

लिंबाजीला ते ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. त्यानं वर न बघता एवढंच म्हटलं, "इहिरीला शिक्का मारला असता साहेब, तर परवडलं असतं."

व्यंकटरावांनी जमादाराकडून दिवा मागून घेतला, लाख वितळवली आणि पंचनाम्यावर शिक्का दाबला. तो जरा वाकडा उमटला. तसाच ठेवला.

निघताना धुरपताबाई तांब्या घेऊन आडवी आली. सकाळी नाही म्हणाली होती, पण लांबून आलेल्या माणसाला कोरड्या घशानं पाठवायचं तिला जमेना. तांब्या अर्धाच होता आणि पाणी गढूळ होतं. व्यंकटरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग लिंबाजीपाशी गेले आणि तांब्या त्याच्या पुढ्यात ठेवला. तो पाणी पिईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.