वर्षालीताईचा बॅकअप

त्या दिवशी सकाळी मी अमरावतीला फक्त एक केबल आणायला गेले होते. फोन लॅपटॉपला जोडायची, मीटरभर लांब, पांढरी. वैशाख होता. दहा वाजताच डांबर चपलेला चिकटत होतं. दुकानातला कुलदीप माझ्यासोबत पॉलिटेक्निकला होता. त्याचा डिप्लोमा पूर्ण झाला. मला मात्र दुसऱ्या वर्षाला काढून आणलं, कारण ताईचं लग्न झालं आणि बाबा म्हणाले, दोघी गेल्यावर मळ्यातली फुलं कोण तोडेल? शेवंतीपुढे माझं शिक्षण काय!

"पासवर्ड माहीत हाय ना?" केबल पुढे करत कुलदीपने विचारलं. "एनक्रिप्टेड बॅकअप हाय म्हनते तू. पासवर्ड नसंल तं कंपनीवाला बी हात वर करते. पेटी तुयी, कुलूप तुयं, आन् चाबी विहिरीत."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो खाली मान घालून उगाच काउंटर पुसत बसला.

माझी ताई विहिरीतच गेली होती. फोनसकट. बार्शीटाकळीला तिच्या सासरच्या घरामागे विहीर आहे. भर दुपारी बाराला पाणी शेंदायला गेली आणि पाय घसरला, असं सासूने सांगितलं. घरात नळ असताना ती विहिरीवर कशाला गेली, हे माझ्या बापाने विचारलं नाही. तेरावं केलं, पंगत उठवली. महिन्याभराने पुंजाराममामा ताईच्या नवऱ्याचा निरोप घेऊन आला: नितेशचं घर उघडं पडलं, आता धाकटी द्या. धाकटी म्हणजे मी. करिश्मा, वय वीस. आईने डोळे पुसले, बाबांनी मान हलवली. मेलेल्या म्हशीच्या दाव्याला दुसरी म्हैस बांधतानासुद्धा माणूस चार प्रश्न विचारतो.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, केबल आणली त्याच दिवशी चारला होतं. आमच्याकडे आता साक्षगंधातच लग्न उरकायची टूम निघाली आहे. कुंकू लावायला येतात आणि जाताना नवरीच घेऊन जातात. बिजवराला तर ते फारच सोयीचं. म्हणजे माझ्या हातात दुपार होती, फक्त दुपार.

गेल्या दिवाळीला ताई माहेरी आली, तेव्हा माझ्या लॅपटॉपवर तिने आपल्या फोनचा बॅकअप घेतला होता. त्या चार दिवसांत ती कितीतरी वेळा दचकून मागे वळली होती, कोणी हाक मारली नसताना. पासवर्ड टाकताना तिने कीबोर्डवर पदर धरला.

"विसरशील," मी म्हणाले.

"मले नाइ लागनार वं. तुले लागंल. तवा कोनी ना कोनी सांगंल तुले."

मला वाटलं, चिडवते.

त्या बॅकअपमध्ये काहीतरी असणार, अशी माझी खात्री होती. मार, धमकी, एखादं रेकॉर्डिंग. ते बाबांच्या कानाशी वाजवायचं आणि जीप दारातूनच परत पाठवायची. ताईच्या फोनसारखाच एक जुना फोन मी मिळवून ठेवला होता. आता केबलही आली.

आमचं घर मळ्यात आहे, वलगावपासून दीड किलोमीटर आत. वैशाखात बारा ते तीन तिथे माणूस दिसत नाही. नुसतं पांढरं ऊन, आणि त्यात कुठेतरी होल्याचं घुमणं. मागच्या खोलीत कूलर चालू होता. वाळ्याचा ओला वास भरून राहिला होता. खुंटीवर सासरकडून आलेला हिरवा शालू लटकत होता. ताईचे फोटो काढायचेत, असं घरात सांगून मी फोन जोडला. पडद्यावर खिडकी उघडली: बॅकअप उघडण्यासाठी पासवर्ड टाका.

"जन्मतारीख टाक," बाबा दारातून म्हणाले.

"सांगा ना, कोनती?"

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "पोळ्याच्या आसपास... तेरा का चौदा असंल."

"सख्खे बाप ना तुमी?"

"तोंड आवर, करिश्मा. असं तोंड घेऊन नांदशील काय तू?"

आई हळूच म्हणाली, "रागिणी टाकून पाय. सासरचं नाव."

लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो. ताई मांडवात वर्षाली म्हणून गेली आणि रागिणी होऊन निघाली. ते नाव तिने स्वतःच्या तोंडाने कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. तरी टाकलं. चुकलं. जन्मतारखा, आमच्या मेलेल्या कुत्र्याचं नाव, तिच्या शाळेतल्या मैत्रिणी, सगळं टाकून झालं. साठेक वेळा तीच लाल ओळ आली. बाबांवर ओरडणं सोपं होतं. मीही तिला ओळखत नव्हते.

सव्वा दोनला लाइट गेली. कूलर घरघरत थांबला आणि खोलीत एकदम इतकी शांतता झाली की कूलरच्या ताटीतून ठिबकणारं पाणी मोजता येत होतं. लॅपटॉपची बॅटरी एकतीस टक्के.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. ते नेहमी स्पीकरवरच बोलतात.

"अर्ध्याच्या वर आलो रे भगवंता!" पुंजाराममामा जीपमधून ओरडत होता. "पोरीले तयार ठेव. आन् नाव बी ठरलं तिचं. विहीनबाईनंच ठरवलं. अबोली! कसं हाय? जास्त बोलनारी नाइ पायजे म्हनते!"

जीपमध्ये सगळे हसले.

"गोड हाय," आई म्हणाली. ती असं म्हणाली हे मी विसरणार नाही.

अबोली. मुकी. ते फूल आमच्याकडे होतही नाही. मी ते नाव त्या खिडकीत टाकलं, एकेक अक्षर ठोकून, जसं कोणाच्या तोंडावर मारावं.

लाल ओळ आली नाही.

पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली. रिस्टोअर होत आहे. उरलेला वेळ: बावन्न मिनिटं.

ताईने हा पासवर्ड दिवाळीत ठेवला होता. नाव आज ठरलं होतं. हे दोन्ही मी पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिलं. जमेना. तिचं बोलणं मात्र आठवलं: कोनी ना कोनी सांगंल तुले.

बॅटरी एकोणीस, उरलेला वेळ तीस मिनिटं. बॅटरी अकरा, वेळ पंधरा. मी पडद्याचा उजेड कमी केला, श्वासही कमी घेतला. चार टक्क्यांवर फोन चमकला, आणि लगेच लॅपटॉप विझला.

फोनमध्ये ताई होती. तिचे फोटो, तिचे अर्धवट मेसेज. मार नाही, धमकी नाही. रेकॉर्डरमध्ये एकच फाइल होती, दिवाळीच्या आधीची. वेळ दुपारची बारा वाजून दोन मिनिटं.

मी ती लावली. आधी नुसतं ऊन ऐकू आलं... हो, ऊन ऐकू येतं. होला घुमत होता. दूर कुठेतरी रहाट कुरकुरत होता. मग ताईचा आवाज, तोंडाशी हात धरल्यासारखा.

"करिश्मा... घरात कोनी नाइ. सारे अकोल्याले गेले. रोज या वक्ताले विहिरीकडून हाक येते. बाईचा आवाज हाय. पन माया नावाची नाइ. ना वर्षाली, ना रागिणी... अबोली म्हनते. मी सासूबाईले इचारलं, अबोली कोन? त्यायचा घास हातातच राह्यला. म्हने, त्या नावाची आपल्यात कोनी नाइ..."

ती थांबली. रहाटही थांबला.

"मंग म्हने... अजून."

मी फोनचा आवाज वाढवला.

"मी ओ देत नाइ वं. पन चार दिवस झाले... दुसरंच कोनी ओ देऊन राह्यलं. तू ऐक. आवाज वळखतो काय, पाय..."

बराच वेळ काही नाही. मग लांबून, खोलातून, गोड स्वरात कोणीतरी हाक मारली.

"अबोली..."

आणि ताईच्या अगदी जवळून उत्तर आलं, "आली वं!"

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "करिश्मा, कोनाले ओ देऊन राह्यली?"

मी ओ दिली नव्हती. तो माझा आवाज होता. शेवट लांबवायची माझी सवय, सर्दीने आलेली खरखर, सगळं माझं. मी बार्शीटाकळीला ताईच्या लग्नात एकदाच गेले होते, आणि ती सर्दी मला आदल्या दिवसापासूनच होती.

मी बाबांना हात धरून आत ओढलं आणि पुन्हा लावलं. त्यांनी सगळं ऐकलं. ताईचं "अजून" ऐकताना त्यांचे ओठ हलले, तेवढ्यापुरती मला आशा वाटली. मग ते म्हणाले,

"तुयाच तं आवाज हाय. तू तं स्वतःच हो म्हनून राह्यली."

"बाबा! हे सहा महिन्यांआधीचं—"

"हो म्हनली म्हनजे हो. मी माया कानानं ऐकलं." आणि त्यांना बरं वाटलं, हे मला दिसलं. कोणीतरी खांद्यावरचं ओझं उतरवल्यासारखं. ते बाहेर गेले. अंगणात जीप थांबली होती, आणि मी बाबांचा मोठा आवाज ऐकला, "पोरीची पसंती हाय!"

मी दार लावलं. कडी घातली, वर कपाट सरकवलं. बाहेर चपला वाजल्या, तांब्याभांडी वाजली. आईने दारावर दोनदा थाप मारली. मग ताईच्या सासूचा आवाज आला, अगदी दाराशी, गोड.

"अबोली..."

मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. दोन्ही हात वर दाबून धरले. दात ओढणीत रुतले होते.

"आली वं!" बाहेरून, अंगणातून, कोणीतरी म्हणालं.

मागे वळून पाहिलं तर खुंटी रिकामी होती. कडी जागच्या जागी. कपाटही जागच्या जागी.

कपाटाच्या कडेने, दाराच्या फटीतून पाटाचा तुकडा तेवढा दिसत होता. हिरवा शालू, नाकापर्यंत ओढलेला पदर. हात मांडीवर. तळव्यावर मेंदी होती, आदल्या संध्याकाळी गावातल्या रश्मीवहिनीने माझ्या हातावर जबरदस्तीने काढलेली तीच. डाव्या हाताची मी रागाने उशीला पुसली होती, ती फिसकटलेली जागासुद्धा तशीच. मी माझे तळवे पाहिले. कोरे. जन्मल्यासारखे कोरे.

बाहेर विहिरीतल्या शेवाळाचा वास येत होता, पण कोणी नाक वर केलं नाही. नितेशने तांदळात नाव लिहिलं, तो खरखर आवाज मी ऐकला. मंगलाष्टकं झाली. बायका म्हणाल्या, लाजरी हाय. मामा म्हणाला, पाहा कशी सोन्यासारखी बसली. एकानेही पदर वर करून तोंड पाहिलं नाही. पाहायचं काय होतं? त्यांना माझं तोंड कधी लागलंच नव्हतं.

साडेपाचला जीप गेली. बाबा अंगणात हुंदके देत उभे होते. मग आत आले आणि मी दार उघडलं.

ते माझ्याकडे बघत राहिले, आईच्या हातातला पेला खाली पडेपर्यंत. मला वाटलं, आता ओरडतील, जीपमागे धावतील. ते आईकडे वळले.

"यातलं कोनाले सांगू नको," ते म्हणाले. "लोक काय म्हनतील."

म्हणून हे हळू आवाजात सांगते. गावासाठी मी बार्शीटाकळीला नांदते. मला अंगणात यायची मनाई आहे, बाजारात जायची तर बातच नाही. रोज बाराच्या ठोक्याला तिकडून फोन येतो आणि बाबा माझ्यासमोर उभं राहून बोलतात. जेवली काय? तब्येत बरी हाय ना? सासू म्हणते, पोरगी कामाला वाघ आहे, तोंडातून शब्द काढत नाही. फोनवर मात्र भरभरून बोलते. बाबा हसतात. माझ्याशी बोलताना ते इतके कधी हसले नव्हते.

काल तिच्याशी बोलता बोलता त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. माझ्याकडे न बघता.

"घे," ते म्हणाले. "ताईले द्या म्हनते."