बावन्न नव्व्या

लोकांना वाटतं जादू बोटांत असते. डोंबलाची बोटं! घरून निघताना कोणता कॅट पेटीत टाकला, सगळी जादू त्यात असते.

पत्त्यांचे कॅट आमच्याकडे दोन. एक निमुळता. त्यातली पानं नेहमीसारखी वेगवेगळी, पण प्रत्येक पान एका टोकाला केसभर अरुंद कापलेलं. कोणी ओढलेलं पान उलटं फिरवून आत घेतलं, की कितीही पिसा, बोटाला लागतं. दुसरा एकजात. बावन्नच्या बावन्न चौकट नव्व्या. हा लग्नाच्या स्टेजवर चालतो, पाहुणे लांब खुर्च्यांत असतात. बाजारात काढणं म्हणजे मार खायची हौस. आमच्या वाशिमकडचा माणूस दिवसभर पारावर रमी कुटतो. कॅट स्वतःच्या हातानं पसरून पाहिल्याशिवाय तो कोणाच्या बापाला टाळी देत नाही.

हे मला सोमलाकाकांनी शिकवलं. बारा वर्षं मी त्यांची पेटी वाहिली. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनला भ्यायचे, अन् स्टेजही सोडायचे नाहीत. बोटं चालत होती ना! पानं दिसत नव्हती, म्हणून कॅट निवडून हातावर ठेवायचं काम माझं.

पोहरादेवीच्या यात्रेत जादूचा तंबू लावतो तो गोविंदसिंग. यंदा त्यानं मला सरळच सांगितलं, "अनसिंगच्या बाजारात बुढ्याचा खेळ पाहतो. जमला तं तंबू त्याचा. नाही तं राजपाल, तुहा."

मला तंबू हवा होता. खोटं कशाला बोलू? चाळिशी आली तरी मी पेटीवालाच.

मी एकजात कॅटच्या कडा निमुळत्याच्या मापानं कापल्या, म्हणजे काकांच्या बोटांना तो निमुळताच वाटेल. दोन दुपारी त्यात गेल्या. गड्डी दाबून कापताना ब्लेड घसरलं आणि सगळ्याच पानांच्या कोपऱ्याला बारीक खोच पडली. बाजाराच्या दिवशी तो कॅट काकांच्या हातावर ठेवला.

"निमुळताच ना रे?" अंगठा फिरवत काकांनी विचारलं. "अन् हे खोच कायची?"

"नवा कापला, काका. ब्लेड सटकलं."

"बरं."

भर दुपार होती. मिरचीच्या ढिगांकडून ठसका येत होता. इंद्रभान नावाचा एक पट्टीचा रमीबाज पुढे आला, पान ओढून त्यानं गर्दीला दाखवलं. चौकट नव्वी. काकांनी ते आत घेतलं, पिसलं, डोळे मिटून तेच बाहेर काढलं. टाळ्या पडल्या. मनात म्हटलं, वाजवा लेकहो. दुसऱ्यांदाही नव्वी निघू द्या, मग बघा.

बांगड्या विकणाऱ्या रुख्मिणीबाईनं पान ओढून वर धरलं.

किलवरची तिर्री.

उन्हानं डोळे दिपले असतील म्हणून मी जवळ गेलो. तिर्रीच होती. एखादं परकं पान शिरलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. तिसऱ्यानं इस्पिकचा राजा ओढला.

"कॅट दाखव बे बुढ्या!" म्हणत इंद्रभाननं तो हिसकला आणि पोत्यावर पसरला. राण्या, गुलाम, एक्के, छक्क्या. सगळी पानं वेगळी. मी वाकून कोपरे चाचपले. प्रत्येक पानाला माझीच खोच होती.

गोविंदसिंगनं काकांचा हात धरला. "तंबू तुमचाच, काका."

"माहा नाही. राजपालले द्या," काका म्हणाले. "कॅट त्यानं निवडला." ते पांढरे डोळे बरोबर माझ्यावर होते.

पोहरादेवीला पहिल्याच खेळाला मी कुठलीही जोखीम घेतली नाही. दुकानातला साधा, सीलबंद कॅट आणला. सील लोकांसमोर फोडलं, पानं उलटून पाहिली. सगळी वेगळी होती.

पहिल्यानं चौकट नव्वी ओढली.

दुसऱ्यानंही.

तिसरी एक बाई होती. तिनं पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ती नव्वी उघडीच खाली ठेवली.

मग कोणीतरी कॅट पसरला आणि चपला निघाल्या. डाव्या कानानं मला तेव्हापासून ऐकू येत नाही. त्यानंतर चार गावांचे चार कॅट आणले. माझ्या हातात पानं वेगळी, दुसऱ्यानं ओढलं की नव्वी.

तंबू आता काकांचा आहे. त्यांनीच निरोप धाडला, कॅट निवडाले कोणी नाही, ये. मी जातो. रोज तोच, खोचेचा एकजात कॅट त्यांच्या हातावर ठेवतो. एक ना एक दिवस म्हातारा भर तंबूत उघडा पडेल, आणि ते मला याच डोळ्यांनी पाहायचंय. अजून पडला नाही. खेळ संपला की कॅट माझ्याकडे येतो. पेटीत ठेवताना उलटून पाहतो, सगळ्या नव्व्याच असतात.

काल त्यांनी 'निमुळताच ना रे?' असंही विचारलं नाही. कॅट घेतला, हसले, आणि बायकोला, रुपाबाईला, हाक मारली.

"याले पोटभर जेवू घाल वं. हा उद्या बी येईल. जाईल कुठी?"