टॅमरॅकच्या चढावरचं वजन

चाकांना साखळ्या चढवायला अर्धा तास लागेल. तोवर बसा दोघं शेगडीजवळ. कॉफी सकाळची आहे, पण गरम आहे.

जुन्या पिकअपचं दुखणं एकच असतं. इंजिनाचं ओझं सगळं पुढे, आणि ढकलायचं काम मागच्या चाकांना. मागचा सामानाचा हौदा रिकामा असला की बर्फावर ती नुसती गरगरतात. त्यातही एकच गरगरतं, दुसरं बघत बसतं. म्हणून बर्फाचे टायर घाला, साखळ्या जवळ बाळगा आणि मागे वाळूची पोती टाका. मागच्या आसाच्या बरोब्बर वर टाका, हौद्याच्या मागच्या फाळक्याला चिकटून नको, नाहीतर पुढचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. आणि पोती बांधा. सुटं वजन म्हणजे घात.

मघाशी तुमच्यातला एक जण म्हणाला, वाळू कशाला, एखाद्याला मागे बसवू की. चेष्टेत म्हणालास, ठाऊक आहे मला. तरी ऐक. ग्लेननं मला सांगितलंय, कुणी माणूस मागे बसवायचं बोललं, तर त्याला हे सांगायचं.

ग्लेन पेल्तो लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा. बोलायचा कमी. त्याची पिकअप चौऱ्याऐंशी सालची, मागच्या चाकांवर चालणारी. ती विकून टाक म्हणून सगळ्यांनी सांगून झालं होतं. त्याला ती विकवत नव्हती आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं. पण मागची चाकं मात्र अशी राखायचा की बस. ऑक्टोबर लागला की नवे टायर. चार पोती वाळू, पट्ट्यानं आवळलेली. साखळ्यांची पेटी त्यांच्या शेजारी. महिन्यातून एकदा माझ्याकडे यायचा आणि विचारायचा, अजून काही करता येईल का मागच्या पकडीसाठी. मी म्हणायचो, ग्लेन, आता ही गाडी भिंतीवरही चढेल. तो हसायचा नाही.

का हसायचा नाही, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत तो आणि त्याचा थोरला भाऊ रुडी याच गाडीनं टॅमरॅकचा चढ चढत होते. वाळू टाकायची होती ती ग्लेननं टाकली नव्हती, कंटाळा केला होता. मग रुडी उतरला आणि मागे फाळक्याशी जाऊन बसला, वजन म्हणून. तेव्हा सगळेच बसायचे. हौद्याच्या पत्र्यावर दोन थापा म्हणजे चल, एक थाप म्हणजे थांब. गाडी चढली. वर पोचल्यावर ग्लेननं मागे बघितलं तर हौदा रिकामा. रुडी वळणावर पडला होता, दगडासारख्या गोठलेल्या बर्फाच्या कडेवर. डोकं आपटलं होतं. शेरिफनं ग्लेनला विचारलं, त्यानं थाप मारली नाही का? ग्लेन म्हणाला, काहीच ऐकू आलं नाही.

त्यानंतर हिवाळ्यात तो टॅमरॅकनं कधी गेला नाही. चढाच्या पलीकडे रुडीची बायको आयलीन राहायची. तिच्याकडे तो दर रविवारी जायचा, लाकडं फोडून द्यायचा, छपरावरचं बर्फ ओढायचा. पण जायचा दलदलीच्या रस्त्यानं. अकरा मैल जास्त. बत्तीस हिवाळे अकरा मैल जास्त.

तर, एकोणतीस जानेवारी दोन हजार एकोणीस. मंगळवार. दिवसभर सरोवराकडून बर्फ येत होतं आणि पारा शून्याच्या खाली अठरावर. दुपारी ग्लेननं शेजाऱ्याची शेगडी पोचवायला म्हणून हौदा मोकळा केला होता. पोती आणि पेटी, दोन्ही शेडमध्ये उतरवून ठेवलेली. पुन्हा चढवायची राहून गेली.

पावणेसहाला आयलीनचा फोन आला. तिची फुप्फुसं गेलेली होती, घरात प्राणवायूचं यंत्र चालायचं. वीज चार वाजताच गेली होती. जवळ एक सिलिंडर होता, तो आठपर्यंत पुरला असता. मदतपथकाला फोन केला तर ते म्हणाले, तीन तास तरी येता येणार नाही. तिनं हे सगळं शांतपणे सांगितलं, मध्ये मध्ये दम घेत. शेवटी म्हणाली, तुला जमत असेल तरच ये, रस्ते वाईट आहेत.

ग्लेननं दवाखान्यातून दोन लहान सिलिंडर घेतले. थंडीत मागे घरंगळायला नकोत म्हणून आपल्या शेजारच्या सीटवर पट्ट्यानं बांधले आणि दलदलीच्या रस्त्याला लागला. तिथे एक पोलीस विजेरी हलवत उभा होता. ओंडक्यांचा ट्रक रस्त्यावर आडवा झाला होता. नऊच्या आधी वाट मोकळी होणार नाही, म्हणाला. दुसरा रस्ता कुठला, ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

ग्लेननं गाडी वळवली.

चढाच्या पायथ्याशी साडेसहा झाले होते. त्यानं खालूनच वेग घेतला. पहिला टप्पा गेला. वळण जवळ आलं आणि मागचं चाक सुटलं. इंजिन ओरडायला लागलं, गाडी जागच्या जागी. मग हळूच मागे सरकली. त्यानं ब्रेक धरला. उतरला, मागे गेला आणि हौद्यात उजेड टाकला. वाळू नाही. साखळ्या नाहीत. नुसतं पत्र्यावर भुरभुरलेलं बर्फ.

मला सांगताना तो म्हणाला, त्या रिकाम्या हौद्याकडे बघताना मला शेडमधली पोती दिसत होती, एकावर एक रचलेली.

तरी जे करता येईल ते त्यानं केलं. मागच्या टायरांतली थोडी हवा सोडली. पायाखालचे रबरी गालिचे चाकांपुढे घातले. तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा गालिचे मागे फेकले गेले आणि गाडी हातभर खाली आली. सात वाजायला दहा मिनिटं होती. चालत जायचं तर दीड मैल, या बर्फात, दोन सिलिंडर घेऊन. तो आत येऊन बसला. इंजिन चालू. वायपर चालू. हात स्टिअरिंगवर. काय करायचं, ते कळेना.

मग गाडी मागून दबली.

हळू. आधी थोडी, जसा कुणी बंपरवर पाय ठेवावा. मग झोक घेऊन पूर्ण. उजवीकडे. फाळक्याजवळ.

मागच्या स्प्रिंगचे पाटे करकरले.

ग्लेन हलला नाही. गाडी माणसाच्या वजनानं कशी दबते ते त्याला ठाऊक होतं. आणि या माणसाच्या वजनानं कशी दबते, तेही. रुडीचा उजवा गुडघा अधू होता. तो आधी डावा पाय टाकायचा, थांबायचा, मग अंग सोडून द्यायचा.

आरसा समोरच होता. त्यानं बघितलं नाही.

वायपर एकदा गेला. परत आला.

हौद्याच्या पत्र्यावर थापा पडल्या.

ठक... ठक.

त्यानं पाय दाबला. चाक फिरलं... आणि धरलं. गाडी पुढे झाली. गरगर नाही, घसरण नाही. कोरड्या रस्त्यावर चालावी तशी. वळण आलं. ते वळण. वळण गेलं. मागे वजन तसंच.

पोरांनो, शेरिफला जे त्यानं सांगितलं ना, ते खोटं होतं. सत्त्याऐंशीच्या त्या दिवशी थाप पडली होती. एक. स्वच्छ ऐकू आली होती. चढावर थांबलो तर पुन्हा निघता येणार नाही, म्हणून त्यानं पाय उचलला नव्हता. वर पोचून विचारू काय ते, असं त्याला वाटलं होतं.

बत्तीस वर्षं हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

आता माथा दिसत होता. दिव्यांच्या उजेडात नुसतं पांढरं. पन्नास पावलं असतील. चाळीस. गाडी नीट चालली होती. सिलिंडर एकमेकांवर किणकिणत होते.

ठक.

एक.

ग्लेननं ब्रेक दाबला.

गाडी थांबली. चढावर, माथ्याच्या खाली, जिथे कुणी थांबत नाही. त्यानं इंजिन बंद केलं. दिवे तसेच ठेवले. ऐकत राहिला. वारा होता... मग वाराही पडला. मागे काहीच नाही. श्वास नाही, हालचाल नाही. फक्त गाडी दबलेली.

तो म्हणाला, "थांबलोय, रुडी."



मग त्याला पुढे ते दिसलं. दिव्यांच्या उजेडात, गाडीपासून दोन माणसांच्या अंतरावर, एक काळी रेघ. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. विजेची तार खांबावरून सुटून छातीएवढ्या उंचीवर लोंबत होती. त्या बर्फात चालत्या गाडीतून कुणालाही दिसली नसती. दुसऱ्या दिवशी वीजवाले म्हणाले, तिच्यात वीज होती.

हातब्रेक ओढून, दिवे घालवून तो डाव्या दारानं उतरला. सिलिंडर ओढून घेतले, एक या खांद्याला, एक त्या. गाडीच्या मागच्या बाजूला पाठ करूनच तो झाडांत शिरला. तारेला लांबून वळसा घातला. गुडघाभर बर्फ होतं. एकदाही मागे वळून बघितलं नाही. मागून पावलं आली का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, मी माझ्या पावलांचा आवाज मुद्दाम मोठा केला होता.

आयलीनच्या दारात पोचला तेव्हा पावणेआठ होऊन गेले होते. ती लाकडाच्या शेगडीजवळ खुर्चीत बसली होती. ओठ निळे. जवळच्या सिलिंडरचा काटा शून्याला टेकलेला. ग्लेनच्या बोटांना नळी लावता येईना, ती तिनंच लावली. वायू सुटल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. तिच्या ओठांवर रंग आला, मग तिनं विचारलं, गाडीचा आवाज नाही आला, चालत आलास?

आणि ग्लेननं सगळं सांगितलं. आजचं आधी. मग तेव्हाचं. ती एक थाप. न उचललेला पाय. शेरिफसमोरचं खोटं.

आयलीन शेगडीकडे बघत राहिली. ग्लेनला वाटलं, आता ती दार दाखवेल. तिनं दाखवलं असतं तर तो गेलाही असता.

"बत्तीस वर्षं मी समजत होते," ती म्हणाली, "की त्याला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. म्हणजे मिळाला होता."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू दार लावून घेतलं असतंस."

"लावलं असतं," ती म्हणाली. "दोन वर्षं. फार तर तीन."

मग तिनं त्याला शेगडीत लाकूड घालायला सांगितलं. त्यानं घातलं. ती उठली, सिलिंडर हातानं ओढत खिडकीपाशी गेली आणि तिथे खुर्ची मांडून बसली. त्या खिडकीतून चढाचा माथा दिसतो, दिवसा. त्या रात्री काहीच दिसत नव्हतं. ग्लेनला तिनं बजावलं, तू इकडे येऊ नकोस. ती पहाटेपर्यंत तिथे बसून होती. एकदा, तीनच्या सुमाराला, तिनं काचेवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. तिला काय दिसलं, ते त्यानं विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. पुढे तीन वर्षांनी ती गेली, तेव्हाही सांगून गेली नाही.

सकाळी वीजवाले आले, रस्ता साफ झाला. ग्लेन गाडी घेऊन उतरला. त्यानंतर तो टॅमरॅकनंच यायला जायला लागला.

माझा यात भाग एवढाच. गुरुवारी तो गाडी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, मागून उजवीकडे बसलीय, बघ. मी बघितलं. डावीपेक्षा अडीच इंच खाली. जुने पाटे, पिचले असतील म्हणालो. हौद्यात काही नव्हतं, मी झाडून घेतला होता. दोन्ही बाजूंचे पाटे नवे घातले. गाडी जॅकवरून उतरवली, समपातळीत उभी राहिली. टेप लावून दोन्हीकडे मोजलं. एका केसाचा फरक नव्हता. दिवे घालवले, दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि घरी गेलो.

सकाळी सात वाजता दार उघडलं.

अडीच इंच. उजवीकडे. फाळक्याजवळ.

हौदा रिकामा होता. तिथे हात फिरवून बघावं, असं एकदा मनात आलं... नाही फिरवला.